लाईन बंद आहे, हे कोणी सांगितलं?

नेपरव्हिलमध्ये आलेल्या पाहुण्याला विजेचा खांब शोधावा लागतो. शिकागोच्या पश्चिमेला, ड्युपेज नदीकाठी वसलेल्या या गावात बहुतेक वीज जमिनीखालून जाते. थोड्या थोड्या घरांमागे हिरवळीवर एक कमरेएवढी, कुलूपबंद हिरवी पेटी दिसते. आत ट्रान्स्फॉर्मर. बायकोचे मामा परभणीहून आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुमची डीपी कुठंय?" मी पेटी दाखवली. तिच्याभोवती एक फेरी मारून मामा म्हणाले, "हे तर तुळशीवृंदावनच की."

मामा वीज खात्यात वायरमन म्हणून लागले आणि लाईनवरच निवृत्त झाले. भाची, म्हणजे माझी बायको, कारखान्यांच्या नियंत्रण यंत्रणांचं सॉफ्टवेअर लिहिते. माझा विजेशी संबंध बिल भरण्यापुरता, आणि ते बिल शहर पाठवतं. आजूबाजूच्या गावांना कॉमएड ही कंपनी वीज पुरवते. नेपरव्हिलचं वीज खातं मात्र शहराचं स्वतःचं आहे.

त्या खात्याची गाडी आमच्या गल्लीत आली, पेटी उघडली गेली, आणि मामा फुटपाथवर जाऊन उभे राहिले. ट्रान्स्फॉर्मरला दोन केबली येतात, एक या बाजूने, एक त्या बाजूने. टोकाला कोपरासारख्या वाकलेल्या जोडण्या असतात, त्यांना एल्बोच म्हणतात. एका बाजूची केबल दुरुस्तीसाठी बंद केली होती, दुसरी चालू होती. कामगाराने पिवळ्या फायबरच्या लांब दांडीने एल्बोवरचं छोटं टोपण काढलं, दांडीच्या टोकाला डिटेक्टर बसवला आणि तो चालू एल्बोला टेकवला. भोंगा वाजला, लाल दिवा लागला. मग बंद केबलच्या एल्बोला. शांत. मग पुन्हा चालू एल्बोला. पुन्हा भोंगा.

मामा खूश होऊन घरात आले आणि वाद सुरू झाला. मी चहा करत ऐकत होतो.

मामा : पाहिलंस? दांडी तीनदा लावली.

भाची : पाहिलं. रागावू नका मामा, पण मला त्यात मागासलेपणा दिसला. त्या केबलचा स्विच कुठला, तो किती वाजता उघडला, सगळं नियंत्रण कक्षात पडद्यावर आहे. स्विचला कुलूप आहे, कुलपाला लावणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी आहे. एवढं असून शेवटचा निवाडा बॅटरीवरच्या भोंग्याने करायचा?

मामा : पडदा काय म्हणाला? स्विच उघडला. केबल बंद झाली, असं पडदा म्हणालाच नाही. ते तू म्हणालीस.

भाची : स्विच उघडल्यावर केबल बंदच होणार ना!

मामा : आमच्याकडे अकरा केव्हीच्या लाईनवर एबी स्विच असतो. खाली हँडल, वर तीन फेजची तीन पाती. हँडल ओढलं की तिन्ही एकदम उघडायला पाहिजेत. पण गंज चढलेला, ग्रीस कधी लावलं होतं ते कुणाला आठवत नाही. दोन पाती उघडतात, तिसरी चिकटून बसते. हँडल मात्र पूर्ण खाली. आता कागदावर स्विच उघडा, काम करायचं परमिट खिशात, आणि तिसरी फेज चार्ज. म्हणून आधी मान वर करून पाती बघायची आणि मग तिन्ही तारांना वेगवेगळी दांडी लावायची. एकीला लावून तिघींचं धरून चालायचं नाही.

भाची : म्हणजे सेन्सर हँडलवर नको, पातीवर हवा. तेवढाच फरक.

मामा : पात कुठे आहे ते तो सांगेल. पलीकडून वीज आली तर?

भाचीने इथे नेपरव्हिलचं हुकमी पान टाकलं. या गावाला स्मार्ट ग्रिडसाठी केंद्र सरकारकडून सुमारे १ कोटी १० लाख डॉलरचं अनुदान मिळालं होतं. मंदीच्या काळात ओबामा सरकारने जो खर्चाचा कायदा केला, त्यातून. त्या पैशांत शहराने तितकीच भर घातली आणि २०१२-१३ च्या सुमारास घरोघरी स्मार्ट मीटर बसले. काही रहिवाशांना ते मंजूर नव्हतं. त्यांनी संस्था काढून शहराला कोर्टात खेचलं. दर १५ मिनिटांच्या वापराची नोंद म्हणजे घरात कोण कधी उठतं, कधी झोपतं, याची टेहळणी, असं त्यांचं म्हणणं. २०१८ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की ही राज्यघटनेच्या अर्थाने झडतीच आहे, पण वाजवी झडती आहे. अमेरिकेत वीजमीटरवरच्या कायद्याची चर्चा निघाली की हल्ली नेपरव्हिलचं नाव येतं, ते यामुळे.

भाची : म्हणजे कोर्टानेही मानलं की मीटरला घरातलं कळतं. मग गल्लीतले सगळे मीटर एकदम मुके झाले, तर वीज गेली हे कळायला दांडी कशाला?

मामा : मीटर ट्रान्स्फॉर्मरच्या कुठल्या बाजूला?

भाची : घराच्या बाजूला.

मामा : आणि ट्रान्स्फॉर्मरचा फ्यूज उडाला तर?

ती गप्प झाली. फ्यूज उडाला तर गल्ली अंधारात, मीटर मुके, आणि पेटीत येणारी केबल मात्र तशीच चार्ज. मला त्या १५ मिनिटांचीही गंमत वाटली. शेजाऱ्याची झोप मोडली का ते कळायला १५ मिनिटं पुरेत; हात घालण्याच्या क्षणाची ग्वाही त्यातून कशी मिळणार? पण हे मी बोललो नाही. मामा-भाचीच्या मध्ये पडणाऱ्या जावयाचं काय होतं, ते मला माहीत आहे.

भाची : बरं, मीटर सोडा. तुमच्या दांडीकडे येऊ. ती नेमकं काय ओळखते, सांगा.

मामा : करंट.

भाची : चुकलात. तारेतून एक अँपिअरही वाहत नसला तरी ती वाजते. ती व्होल्टेज ओळखते, तेही आडवाटेने. तारेपासून यंत्रात आणि यंत्रापासून हवेतून जमिनीत अगदी सूक्ष्म प्रवाह जातो, तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की भोंगा. म्हणजे तिला हवं असतं तारेभोवतीचं विद्युतक्षेत्र. उघड्या तारेभोवती ते असतं. इथल्या केबलीवर इन्सुलेशनच्या बाहेर धातूचं कवच असतं आणि ते जमिनीला जोडलेलं असतं. क्षेत्र कवचाच्या आतच संपतं. त्या केबलीवर बाहेरून डिटेक्टर फिरवलात, तर ७,२०० व्होल्ट आत असूनही तो हूं की चूं करणार नाही.

मामा थोडे सावरून बसले. आयुष्य उघड्या तारांवर गेलेल्या माणसाला हे नवं होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

मामा : मग त्याने कशावरून ठरवलं?

भाची : एल्बोवर मुद्दाम एक जागा ठेवलेली असते, टेस्ट पॉइंट. टोपण काढलं ती. तिथे क्षेत्राचा थोडासा अंश बाहेर मिळतो. पण तिथे ओल बसली, घाण साचली, तर तीही गप्प. तिथे भोंगा वाजला तर केबल चार्ज हे पक्कं. नाही वाजला, तर बंद आहे हे अजून पक्कं नाही. मग दांडीनेच एल्बो ओढून काढायचा आणि उघड्या झालेल्या टोकाशी थेट तपासायचं. आता सांगा, जे यंत्र बंद केबल आणि बिघडलेली बॅटरी यांना एकच उत्तर देतं, त्यावर जीव टाकायचा?

मामा : म्हणून तर तीनदा! आधी चालू जागी लावून बघितलं, ते कशासाठी? यंत्र बोलतं का ते बघायला. नंतर परत चालू जागी, मधल्या काळात ते मुकं झालं नाही ना ते बघायला. मधलं गप्प बसणं त्या दोघांच्या जोरावर खरं.

या मुद्द्यावर दोघं एकच बोलत होते आणि भांडतही होते. डिटेक्टरचं "नाही" म्हणजे काहीच न बोलणं, आणि न बोलण्याला पुरावा करायचा तर आधी आणि नंतर त्याला बोलतं करावं लागतं. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांत ६०० व्होल्टच्या वरच्या सर्वसाधारण कामांसाठी हे शब्दांत लिहिलंय : तपासणीच्या लगेच आधी आणि लगेच नंतर उपकरण चालतं का ते बघा. वीज कंपन्यांच्या लाईनकामाचा नियम वेगळा, १९९४ चा, २०१४ मध्ये सुधारलेला. लाईनला अर्थिंग जोडण्याआधी तिच्यावर नेहमीचं व्होल्टेज नाही हे तपासलंच पाहिजे, असं तो सांगतो. नेपरव्हिलचे कामगार शहराचे नोकर, त्यामुळे त्यांच्यावर देखरेख केंद्राची नाही, इलिनॉय राज्याच्या यंत्रणेची. ही माहिती भाचीची. मामांनी ती मान डोलवत ऐकली, आणि त्यांना राज्य-केंद्र भानगडीत रस नव्हता हे दिसत होतं.

भाची : पूर्वी इथले लाईनमन दांडीच्या टोकाचा लोखंडी भाग तारेजवळ नेऊन भुणभुण ऐकायचे. वाजली तर चालू, नाही तर बंद. वारा सुटला, शेजारी ट्रकचं इंजिन चालू असलं, किंवा व्होल्टेज कमी असलं, तर काय ऐकणार?

मामा : आमच्याकडे साखळी फेकणारे पाहिलेत मी. लाईन बंद असेल तर काही होत नाही. चालू असेल तर फेकणाऱ्यासमोर आगीचा लोळ. बंद आहे का हे कळायला स्फोट करून बघायचा! त्यापेक्षा तुझा भोंगा शंभर पटीने बरा.

भाची : मग त्याच्याही पुढे या. इथेच शिकागोजवळ टिनली पार्कला पॅनड्युट कंपनी आहे. त्यांचं एक उपकरण पॅनेलमध्ये कायमचं बसवतात. बटण दाबलं की ते आधी स्वतःची चाचणी घेतं, मग आपल्या तारा खरंच फेजला जोडलेल्या आहेत का ते बघतं, मग एसी आणि डीसी दोन्ही व्होल्टेज तपासतं, मग पुन्हा स्वतःची चाचणी. सगळं जमलं तरच हिरवा दिवा. एक गोष्ट जरी चुकली तरी हिरवा नाही. तुमचं तीनदा लावणं त्याने आतच घेतलंय, फक्त ते विसरत नाही, त्याला घाई नसते, त्याच्या मागे साहेब फोन करत नसतो. २०१८ च्या एनएफपीए ७०-ई या विद्युत सुरक्षेच्या मानकाने त्याला मान्यताही दिली.

माझं मत विचाराल तर हा मुद्दा मामांनी जितका हलका घेतला तितका तो हलका नाही. जुन्या दांडीचं "बंद" म्हणजे शांतता. या उपकरणाचं "बंद" म्हणजे एक दिवा, जो लागायला कारण लागतं. बिघाड झाला तर दोन्ही गप्प होतात, पण पहिल्याच्या गप्प बसण्याने माणूस पुढे जातो आणि दुसऱ्याच्या गप्प बसण्याने थांबतो. उलटवलेली ही एवढी एक गोष्ट मला साऱ्या स्मार्ट ग्रिडपेक्षा मोठी वाटली.

मामा : किती व्होल्टला चालतं?

भाची : हजारपर्यंत.

मामा : म्हणजे पॅनेलला. पोलवर नाही, त्या वृंदावनातही नाही.

भाची : अजून नाही.

मामा : बरं, हिरवा दिवा लागला. पुढे?

भाची : पुढे काम.

मामा : पुढे अर्थिंग! इथंच तुम्ही शिकलेले लोक चुकता. डिटेक्टरने सांगितलं ते त्या मिनिटाचं. पुढच्या मिनिटाला कुणी पलीकडून स्विच टाकला तर? अर्थ मारलेला असेल तर फीडर ट्रिप होईल, माणूस वाचेल. १९५६ च्या विद्युत नियमांत छत्तिसावा नियम होता, तार हाताळायच्या आधी ती अर्थ करून डिस्चार्ज करा. आम्हाला तो पाठ करून घेतला होता.

भाची : आणि केबलीत आणखी एक कारण आहे, तुमच्या बाजूचं. लांब केबल बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवते, आणि तो डीसी असतो. तुमचा एसी डिटेक्टर त्यावर वाजतच नाही. यंत्र ठणठणीत, तीनही वेळा बरोबर लावलं, केबल गावाच्या विजेपासून तुटलेली, आणि तरी हात लावला तर झटका. म्हणून एल्बो काढून तो अर्थिंगच्या जोडणीवर बसवतात. केबल कापायची असेल तर आधी विद्युत चाचणीने ती केबल हीच का ते ओळखतात, कारण खड्ड्यात एकसारख्या दिसणाऱ्या तीन-चार असतात. मग लांबून चालणाऱ्या कटरने पहिला घाव.

मामा : मग तू माझ्याशी भांडतेस कशाला?

भाची : कारण तुम्ही म्हणता माणूस हवा. मी म्हणते, माणूस चुकतो हे धरून पद्धत हवी.

२० जून २०२१ च्या रात्री इथे ईएफ-३ दर्जाचा टोर्नेडो घुसला. नेपरव्हिल आणि शेजारच्या वुडरिजमध्ये घरांची छपरं उडाली, झाडं आडवी झाली. पद्धत का हवी हे सांगायला भाचीने ते उदाहरण काढलं आणि इथे मामा तिच्या पुढे निघून गेले. अशा रात्रीनंतर वीज नसलेल्या गावात काय होतं, ते त्यांना तिच्याहून जास्त ठाऊक होतं. लोक जनरेटर काढतात. परभणीत काढतात, इथेही काढतात. कुणीतरी तो नीट चेंज ओव्हर स्विच न लावता घरातल्या सॉकेटातच जोडतो. ट्रान्स्फॉर्मरला उलटसुलट कळत नाही. एरवी जो ७,२०० चे २४० करतो, तो २४० चे ७,२०० करतो. गल्लीतली केबल शहराने तोडलेली, स्विचला कुलूप, पडद्यावर सगळं ठीक, आणि एका घरातल्या जनरेटरने ती उलट बाजूने चार्ज केलेली. गावाकडे अकरा केव्हीची लाईन दुकानातल्या जनरेटरने किंवा जुन्या इन्व्हर्टरने अशीच उठते.

भाची : छपरावरच्या सोलरला ते बंधन आहे. ग्रिड गेली की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत थांबायचं.

मामा : सोलर थांबेल, मानलं. जनरेटर विकत घेणाऱ्याला कोण थांबवणार? त्याला फ्रिजमधलं दूध वाचवायचंय.

या बाबतीत पडद्यावाल्यांकडे उत्तर नाही, असं मला वाटतं. जनरेटर पडद्यावर नसतो. त्याचा पत्ता लागतो तो कामाच्या जागी, त्याच तारेला दांडी लावल्यावर.

मग भाचीने जरा बोचरं विचारलं. गावाकडे हे सगळं होतं का?

मामा : नियमात होतं. डिटेक्टर, डिस्चार्ज रॉड, हातमोजे, सगळं यादीत. पण पाऊस पडतोय, अर्धं गाव डीपीपाशी जमलंय, सरपंचाचा फोन चालू आहे, पेशंट ऑक्सिजनवर आहे म्हणून एक जण रडतोय. रॉड दुसऱ्या गावी गेलेला. आणि पोलवर चढणारा कोण? झिरो वायरमन.

भाची : म्हणजे?

मामा : गावातला पोरगा. खात्याचा नाही, कंत्राटदाराचा नाही, कुठल्याच कागदावर नाही. शेतकऱ्याची मोटर जळायच्या आत फ्यूज टाकून देतो, चहापाण्याचे पैसे घेतो. खात्याचा माणूस चार गावांना एक, हा मात्र कायम हजर. त्याला परमिट कोण देणार? उपकेंद्रात फोन लावून म्हणतो, पाच मिनिटं बंद ठेवा. तिकडे शिफ्ट बदलते. नव्या माणसाला पाच मिनिटं झाली एवढंच दिसतं.

स्वयंपाकघरात क्षणभर कुणी बोललं नाही. भाचीनेच मग सूर बदलला.

भाची : म्हणूनच मला नोंद हवी. डिटेक्टर कुठे, कधी, किती वेळा लावला हे त्याने स्वतः लिहून ठेवावं. तीन नोंदी झाल्याशिवाय परमिट पुढे सरकूच नये.

मामा : नको. नोंद झाली की नोंदीसाठी काम होतं. जीपमध्ये बसून चालू तारेला दोनदा लावतील आणि मधलं खिशात करतील. आणि ज्याचं नावच कुठल्या कागदावर नाही, त्या पोराची नोंद तुझं यंत्र कुठे करणार?

भाची : इथला कामगार असं करणार नाही.

मामा : इथला कामगार पेटीपाशी आला तेव्हा तीन माणसं होती, गाडी आडवी लावली होती, रस्त्यावर शंकू ठेवले होते, आणि कुणी फोन करत नव्हतं. त्याला वेळ होता म्हणून त्याने तीनदा लावली. तुझ्या यंत्रामुळे नाही.

हे वाक्य भाचीला लागलं, मलाही. यंत्र वाईट की चांगलं हा प्रश्न तिने मांडला होता; मामांनी तो माणसाला थांबायला देणाऱ्या व्यवस्थेकडे नेला. पण मामांचंही एक गृहीत मला खटकतं. अशी व्यवस्था मिळेपर्यंत तो झिरो वायरमन पोलवर चढतच राहणार, आणि त्याच्या हातात विसरणारं यंत्र असण्यापेक्षा न विसरणारं असलेलं बरं. हे मी म्हणालो. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं आणि चहा कुठे आहे असं विचारलं.

बाहेर शहराची माणसं पेटी मिटत होती. मामा खिडकीशी गेले, त्यांनी अर्थिंगच्या जोडण्या निघाल्या का ते लांबून बघितलं.

मामा : ते तुझं हिरव्या दिव्याचं यंत्र अकरा केव्हीला आलं की कळव.

भाची : आलं तर दांडी सोडाल?

मामा : दांडी सोडेन. अर्थ मारणारच.

भाची : मग यंत्राने अर्थिंगही स्वतःच केलं तर?

मामा : तर मग ते खरंच जोडलंय का, ते मी वर जाऊन बघीन.